रात्री नळ उघडा कोण टाकतं? पूर्व भागातल्या एका वाड्याचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात, भवानी पेठेच्या बाजूला, नऊ बिऱ्हाडांचा एक जुना वाडा आहे. मधे फरशीचं अंगण आणि अंगणात सगळ्यांत मिळून एकच नळ. तळाच्या दोन खोल्यांत माग चालतात, त्यांवर टॉवेल निघतात. बाकी घरांतल्या बहुतेक बायका विड्या वळतात. बोलणं निम्मं तेलुगू, निम्मं मराठी, मधेच कानडी. या वाड्यात एक भांडण वर्षानुवर्षं धुमसत होतं: रात्री नळ उघडा कोण टाकतं?

माझं दुकान प्लंबिंगच्या सामानाचं. कुलूप लावता येईल असा मजबूत नळ हवा म्हणून तिथली दोन माणसं दुकानात आली आणि त्यांच्या बोलण्यातून हे प्रकरण माझ्यापर्यंत पोचलं. ते सविस्तर लिहितोय, कारण अशा भांडणांत आपण माणसाला फार पटकन दोषी ठरवतो आणि त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघतही नाही. हे मला मनापासून टोचतं.

आधी पाण्याचं सांगतो, म्हणजे बाहेरच्या वाचकाला पुढचं कळेल. सोलापूरचं पाणी मुख्यतः भीमेचं. उजनी धरणातून शंभरेक किलोमीटर जलवाहिनीतून येतं, शिवाय टाकळीला नदीतून उचललं जातं, आणि थोडं एकरूखच्या म्हणजे हिप्परग्याच्या तलावातून मिळतं. शहरातल्या बऱ्याच भागांत नळाला पाणी रोज नसतं, चार-पाच दिवसांआड येतं. दिवस अंदाजाने कळतो, वेळ कळत नाही. संध्याकाळी सात वाजता येईल, नाहीतर पहाटे तीनला. आलं की दोन-अडीच तास असतं.

भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे माणशी रोजचं १३५ लिटरचं प्रमाण धरलं जातं. पाच माणसांच्या घराला पाच दिवस त्या हिशेबाने ३,३७५ लिटर लागतील, म्हणजे दोनशे लिटरची सतरा बॅरलं. वाड्यातली एक खोली दहा बाय बाराची. त्यात एक बॅरल, चार घागरी, दोन कळशा आणि एक पिंप बसवलं की झोपायला जागा उरते तेवढीच. त्यामुळे लोक प्रमाणाच्या कितीतरी कमी पाण्यात भागवतात आणि तेवढं तरी भरण्यासाठी पाण्याची एकही पाळी चुकवता येत नाही. ती चुकली की आणखी पाच दिवस टँकर, उसनवारी आणि तोंडाला तोंड.

आता प्रसंग. मार्चअखेरच्या एका रात्री दोन-अडीचच्या सुमाराला पाणी आलं. नळ पूर्ण उघडा होता. कुणी उठलं नाही. अंगणाचा उतार मागाच्या खोलीकडे आहे आणि तिचा उंबरठा झिजून फरशीला टेकलाय. पहाटे मागवाला कुलूप काढायला गेला तेव्हा सुताच्या कोनांची पोती बुडापासून भिजली होती आणि तयार टॉवेलांचा एक गठ्ठा पाण्यात बसला होता. साधा अर्ध्या इंची नळ बऱ्या दाबाला मिनिटाला दहाएक लिटर पाणी सोडतो. अडीच तासांचे झाले दीड हजार लिटर. सूत गेलं ते गेलंच, वर नऊ घरांच्या वाट्याचं पाणी गटारात गेलं.

आळ आला तो कोपऱ्यातल्या खोलीतल्या अक्कावर. तिचं दार नळापासून चार पावलांवर. वय साठीच्या पुढे, एकटी राहते, विड्या वळते. नळ उघडा टाकताना तिला बऱ्याच जणांनी पाहिलं होतं आणि ती स्वतःही ते नाकारत नव्हती. त्यामुळे पंचायत बसायच्या आधीच निकाल लागला.

त्यानंतर वाड्याने एकामागून एक तीन उपाय केले. पहिला उपाय पाटीचा. नळाच्या वर भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं: ‘पाणी अमूल्य आहे. नळ बंद ठेवा.’ वाड्यातल्या जुन्या बायकांपैकी निम्म्या जणींना मराठी वाचता येत नाही, तेलुगू येतं. पण मुद्दा तो नव्हता. जी बाई कमरेवर घागर घेऊन जिना चढते तिला पाण्याची किंमत पाटीने सांगायची गरज नसते. पाटी अशा प्रश्नाचं उत्तर देत होती जो तिथे कुणालाच पडला नव्हता.

दुसरा उपाय दंडाचा. उघडा नळ सापडला की शंभर रुपये. दंडाच्या धाकाने आता नळ उघडताना कुणी दिसत नसे, म्हणून दंड ठरलेल्या माणसावर बसे, म्हणजे अक्कावर. बाकीचे लोक दिवसाउजेडी नळाला हात लावायचे बंद झाले आणि अंधारात जाऊन बघू लागले. अंधारात नळ नीट बंद झाला की नाही हे आणखीच कळेनासं झालं.

तिसरा उपाय कुलपाचा नळ. किल्ली मागवाल्याकडे. पहिल्याच पाळीला पाणी रात्री आलं, मागवाला रात्रपाळीला दुसऱ्या कारखान्यात होता, आणि किल्ली त्याच्या खिशात. नऊ घरं पुढचे पाच दिवस कोरडी. त्यापुढच्या पाळीला कुणीतरी दगडाने कुलूप फोडलं. याहून दणकट कुलूप मिळेल का, हे विचारायला ती माणसं माझ्याकडे आली होती.

मी म्हटलं, आधी नळ दाखवा.

संध्याकाळी जाऊन अंगणातल्या कट्ट्यावर बसलो. कुलपाचा नळ मोडल्यावर जुनाच परत बसवला होता: पितळी, गोल डोक्याचा, आट्यांचा. पूर्ण बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत तीन-चार फेरे. वायसर झिजलेलं, त्यामुळे दोन्ही टोकांना सारखाच जड लागणारा. पाण्याचा दिवस नव्हता, नळ कोरडा. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी एकच विचारत होतो, ‘नळ आत्ता चालू आहे की बंद?’

बघून कुणालाच सांगता आलं नाही. येणारच कसं? गोल डोकं कुठेही थांबलं तरी सारखंच दिसतं. पाणी असलं तर धार उत्तर देते. पाणी नसलं तर तो नळ मुका. म्हणून प्रत्येकाने उत्तर द्यायला हात लावला आणि फिरवून बघितलं. एका मुलाने डावीकडे घट्ट अडेपर्यंत फिरवला आणि ठामपणे सांगितलं, ‘बंद आहे.’ तो सताड उघडा होता. एका आजींनी उजवीकडे जरा दाबून बघितला, मग अर्धा फेरा डावीकडे फिरवला आणि मान हलवून निघून गेल्या. त्या आल्या तेव्हा नळ बंद होता, गेल्या तेव्हा उघडा. तपासायच्या खटपटीतच नळाची स्थिती बदलत होती, आणि हे करणारे सगळे नळ बंद ठेवण्याच्या बाजूचे लोक होते.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रोज चोवीस तास पाणी असलेल्या शहरासाठी हा नळ ठीक आहे, कारण तिथे पाणी हाच त्याचा दर्शक. आपल्या शहरात तो पाचातले जवळजवळ पाचही दिवस कोरडा असतो आणि तेव्हा तो काहीच सांगत नाही. तरी दुकानात गिऱ्हाईक मागतो हाच, कारण आजोबांच्या काळापासून नळ म्हणजे हाच.

मग अक्काशी बोललो. ती सुपात तंबाखू घेऊन बसली होती, शेजारी ओल्या फडक्यात पानं. तेंदूची पानं आदल्या संध्याकाळी भिजवावी लागतात, नाहीतर कातरताना फाटतात. म्हणजे पाणी तिच्या मजुरीलाही लागतं. मी नळाचं विचारलं तेव्हा ती चिडली नाही. म्हणाली, ‘दादा, नळ बंद ठेवला तर पाणी आलेलं मला कसं कळणार? स्वप्नात येऊन सांगणार का पाणी?’

ती पाण्याच्या अंदाजाच्या रात्री नळ मुद्दाम उघडते आणि खाली रिकामी स्टीलची घागर ठेवते. पाणी यायच्या आधी पाइपात अडकलेली हवा बाहेर पडते, नळ फुसफुसतो, घागर हलकी घुमते. मग पहिली चिळकांडी पत्र्यावर पडते आणि ठणठण होते. त्या आवाजाने तिला जाग येते. ती उठते, पहिलं गढूळ पाणी जाऊ देते, स्वतःची घागर भरते आणि बाकीची दारं वाजवते. हे ती नवरा होता तेव्हापासून करत आलीय. वाड्यात बाकी कुणाला रात्री पाण्यासाठी जागं राहावं लागत नव्हतं याचं कारण एवढंच होतं, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गिरण्यांच्या काळात या शहराला भोंगा उठवायचा. या अंगणात ते काम एक घागर आणि एक म्हातारी बाई करत होती.

आणि त्या मार्चच्या रात्री? अक्काची मुलगी अक्कलकोटला बाळंत झाली होती. सांजेच्या एसटीने ती तिकडे गेली. जाताना सवयीने नळ उघडून घागर ठेवली, कारण पाण्याचा दिवस होता आणि वाड्याला कळायला हवं होतं. घागर वाजली असणार. पण आवाजाने उठायची सवय एकाच माणसाला होती. बाकीचे दार वाजण्याची वाट बघत झोपले होते.

मी घागर नळाखाली ठेवून बादलीने वरून धार सोडून बघितली. एक अडचण लगेच ऐकू आली. बूड पाण्याखाली गेलं की ठणठण संपते आणि नुसता गुळगुळ आवाज उरतो. मिनिटाला दहा लिटरच्या धारेला त्यासाठी काही सेकंद पुरतात. म्हणजे वाड्याचा भोंगा रात्रीतून एकदाच, काही सेकंद वाजतो. त्यात नेमकं कुणी कूस बदलली, खोकला आला, शेजारी पंखा खडखडला, की गेलं. आणि एकदा हुकलं की तोच नळ पूर्ण वेगाने पाणी गटारात सोडत राहतो.

माझं निदान मी वाड्यातल्यांसमोर अंगणात मांडलं. एकाच नळाला दोन कामं दिली आहेत. पाणी आल्याची वर्दी देणं हे एक, आणि पाणी देणं हे दुसरं. वर्दीसाठी तो उघडा हवा, पाणी वाचवण्यासाठी बंद हवा. ‘बंद ठेवा’ म्हणणारी पाटी वर्दीचं काम मारते आणि त्या जागी दुसरं काही देत नाही, म्हणून ती पाळली जात नाही, आणि जाणारही नाही. याशिवाय नकळत उघडा राहणारा नळ हा वेगळा प्रश्न, त्याचं कारण नळाचं गोल डोकं. दोन्ही प्रश्न एकाच बाईच्या नावावर जमा झाले होते.

मागवाल्याचं नुकसान झालं होतं, त्यामुळे त्याचा राग सगळ्यांत मोठा. पण सगळ्यांत उपयोगाचं वाक्यही तोच बोलला. ‘आमच्या मागाला आडवं सूत तुटलं की काटा ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. माझा डोळा लागला तरी कापड वाया जात नाही. नळाला असं काही करता येईल का?’

त्याने हे सहज म्हटलं, पण कारखान्यांतल्या एका मोठ्या विचाराची मुळं इथेच आहेत. जपानमध्ये साकिची तोयोदांनी १९२४ साली आणलेला स्वयंचलित माग धागा तुटला की थांबायचा, आणि दोष दिसताच यंत्राने स्वतः थांबावं हे तत्त्व पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात, म्हणजे टोयोटात गेलं. तिथे सल्लागार म्हणून काम केलेल्या शिगेओ शिंगो या अभियंत्याने १९६० च्या दशकात मांडलं की माणूस चुकणारच, चुकीचं रूपांतर नुकसानीत होऊ नये अशी रचना करणं आपल्या हातात आहे. माणूस झोपेल, विसरेल, अक्कलकोटला जाईल. त्याला शंभर रुपये दंड लावून हे बदलत नाही.

पहिला प्रयोग शिट्टीचा केला. पाण्याआधी हवा येते, मग हवेनेच शिट्टी वाजली तर पाणी यायच्या आधी सगळे उठतील आणि एक थेंबही जाणार नाही, असा विचार. नळाच्या आधी एक ‘टी’, म्हणजे तीन तोंडांचा जोड घातला, त्यातून बारीक नळी काढली आणि टोकाला प्रेशर कुकरची जुनी शिट्टी बसवून बघितली, ती हलली नाही. मग जत्रेतल्या पिपाणीची पत्ती बसवली. ती वाजली, चांगली खणखणीत. पण पाइपात हवेची ये-जा कधीही होते. पलीकडच्या गल्लीत चावी फिरली, कुणी पाणी ओढायला टिल्लू मोटर लावली, की इकडे फुसकारा. पिपाणी दुपारी वाजली, दुसऱ्या रात्री दोनदा वाजली, पाणी काही आलं नाही. तिसऱ्या वेळी लोक उठलेच नाहीत. खोटी वर्दी देणारं साधन काहीच नसण्यापेक्षा वाईट, कारण ते खऱ्या वर्दीवरचाही विश्वास घालवतं. पिपाणी काढली.

मग जे केलं ते साधं आहे. ‘टी’ तसाच ठेवला. त्यातून निघालेल्या फांदीवर एक छोटा कॉक बसवला आणि एक लिटरचं माप व मोबाइलचं घड्याळ घेऊन तो इतका आवळला की मिनिटाला साधारण एक लिटर पाणी यावं. मग त्याचं डोकं स्क्रू काढून काढूनच टाकलं, म्हणजे कुणाला फिरवावंसं वाटलं तरी फिरवता येणार नाही. ही फांदी कायम उघडी. तिची धार पडते ती तेलाच्या रिकाम्या पंधरा किलोच्या डब्यावर. डबा उपडा, थोडा तिरका, दोन विटांवर आणि लाकडाच्या पट्टीवर टेकवलेला. धार पत्र्यावर वाजते, घसरून खालच्या दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये जाते. उपड्या डब्यात पाणी साठत नाही, त्यामुळे आवाज मरत नाही. पाणी असेपर्यंत डबा वाजत राहतो.

मला सगळ्यांत आवडतो तो हिशेब असा. मिनिटाला लिटरच्या धारेने दोनशे लिटरचं बॅरल भरायला तीन तासांहून जास्त लागतात. पाणी असतं दोन-अडीच तास. म्हणजे वाड्यातला एकही माणूस उठला नाही तरी बॅरल ओसंडत नाही आणि थेंब वाया जात नाही. सकाळी एकशेवीस ते दीडशे लिटर पाणी तरी वाड्याच्या पदरात असतं. दाब वाढला तर धार थोडी वाढते, त्यासाठी बॅरलच्या काठाखाली भोक पाडून एक नळी पलीकडच्या पिंपात सोडली आहे.

मुख्य नळाच्या मागे पाव फेऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. त्याची दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. कोरड्या पाइपावरही दिसतं आणि अंधारात नुसत्या हाताने चाचपून कळतं. सांध्यांनी बोटं वाकडी झालेल्या आजींना तो कोपरानेही ढकलता येतो. सामान पितळी घेतलं नाही, प्लास्टिकचं घेतलं, कारण उघड्या अंगणातलं पितळ भंगारात जातं हे दुकानात बसून मला चांगलं माहीत आहे. गोल डोक्याचा नळ पुढे तसाच आहे, त्याला आता कुणी तपासत बसत नाही. सगळे दांडीकडे बघतात.

बॅरलवरून एक वाद झाला आणि तो योग्य होता. आरोग्य खात्याची माणसं आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात, कारण डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी पाच दिवसांनी येणार आणि साठा ओतून भांडं कोरडं करा म्हणणार, हे घरातल्या बाईला पटायला जड जातं. इथे तोडगा असा निघाला की वर्दीचं बॅरल हे खर्चायचं पाणी. पुढची पाळी यायच्या आधी ते भांडी, अंगण आणि विडीची पानं यांत संपवायचं, घासायचं आणि उपडं करून ठेवायचं. तोंडाला जुन्या धोतराचं कापड बांधलंय, डब्यावरून आलेलं पाणी त्यातून झिरपतं. कापड कधी कधी सैल सुटतं, त्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

एप्रिल-मेमध्ये खरी परीक्षा झाली. पारा चाळिशीच्या वर, घराघरात कूलर. कूलरच्या घरघरीत डबा तीनच घरांना ऐकू जात होता. इथे मी आणखी काही वाजणारं विकू शकलो असतो, पण वाड्यातल्या बायकांनी दुसरीच व्यवस्था केली. पाण्याच्या अंदाजाच्या रात्री पाळीने एका घराने कूलर लावायचा नाही, अंगणात खाट टाकायची, आणि डबा वाजला की दारं वाजवायची. जे काम अक्का एकटी करत होती ते नऊ घरांत वाटलं गेलं. मला या सगळ्या प्रकरणात याचं मोल सर्वांत जास्त वाटतं, आणि ते कुठल्याही व्हॉल्व्हमुळे झालेलं नाही. ती काय करत होती हे एकदा मोठ्याने बोललं गेलं, म्हणून झालं.

दंडाचे पैसे अक्काला परत मिळाले. मागवाल्यानेच गोळा करून दिले. तिने ते घेतले, ‘कशाला, राहू दे’ वगैरे म्हणाली नाही, आणि तिने घेतले याचा मला आनंद झाला. भिंतीवरची पाटी अजून आहे. तिच्याखाली मुलांनी पाइप आणि दांडी यांचं चित्र काढलंय, समांतर आणि आडवी, आणि बाजूला तेलुगूतही लिहिलंय.

आता शेजारच्या वाड्यालाही हीच जोडणी हवी आहे. तशीच्या तशी तिथे चालणार नाही. त्यांचा नळ गल्लीत आहे, डबा-बॅरल बाहेर ठेवलं तर सकाळी दिसणार नाही. त्यांना नळी पहिल्या घराच्या खिडकीतून आत घ्यायची आहे. मी नको म्हटलंय, कारण मग वर्दी एकाच घराला लागेल आणि वर्षभरात त्या घरातल्या बाईची गत अक्कासारखी होईल. फांदी दोन ठिकाणी न्यायची, समोरासमोरच्या दोन घरांत, असं ठरतंय. दोन्हीकडे धार सारखी पडेल का, हे दाबावर अवलंबून आहे, आणि दाब पाणी असतानाच मोजता येतो. त्यांच्या पुढच्या पाळीला माप आणि घड्याळ घेऊन जायचंय. त्यासाठी रात्री फोन करायला सांगून ठेवलंय.